मोल्डेड प्लायवूडच्या खुर्च्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अशा खुर्च्या दुरुस्त करतो, अधूनमधून एखादी नवीही आखतो. लोकांचे प्रश्न येत राहतात आणि त्यातले बरेचसे तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोल्डेड प्लायवूड म्हणजे नेमकं काय? प्लायची तयार शीट वाकवूनच ही खुर्ची करतात ना?

नाही. तयार शीट वाकवायला गेलात तर ती मोडेल, नाहीतर हात सोडताच परत सरळ होईल. या खुर्चीसाठी पातळ पापुद्रे, म्हणजे व्हेनिअर, सुटेच घेतात. त्यांना सरस लावतात, एकावर एक रचतात आणि ओल्या सरसासकट साच्यात दाबतात. दाबताना पापुद्रे एकमेकांवरून किंचित सरकतात आणि वळण घेतात, आणि तिथेच सरस आवळतो. प्लाय तयार होणं आणि वाकणं दोन्ही एकाच वेळी घडतं.

पत्त्यांचा जोड हातात घेऊन वाकवून बघा. कडेला पायऱ्या दिसतील, कारण प्रत्येक पत्ता शेजारच्यावरून सरकलेला असतो. त्या अवस्थेत सगळे पत्ते एकमेकांना चिकटले, तर जोड पुन्हा सरळ होणार नाही.

२. जुन्या कॅफेंमधली गोल वळणांची लाकडी खुर्चीही यातलीच का?

ती चुलतबहीण म्हणा. खुर्च्यांचा कारखानदार मिखाएल थोनेट याची १९५९ नव्हे, १८५९ सालची चौदा नंबरची खुर्ची (शंभर वर्षांची ही चूक मला बऱ्याच पत्रांत दिसते) बीच या युरोपीय झाडाच्या भरीव काठ्या वाफेवर मऊ करून वाकवलेली आहे. तिच्या त्या वळणांत थर नाहीत.

तिसरा प्रकार लॅमिनेटेड लाकडाचा. त्यात थर असतात, पण सगळ्यांच्या रेषा, म्हणजे लाकडाचे धागे, एकाच दिशेला. प्लायमध्ये एका थराची रेषा उभी, तर पुढच्याची आडवी. फिनिश वास्तुविशारद अल्वार आल्तोने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमधल्या पायमिओ क्षयरोग रुग्णालयासाठी केलेल्या आरामखुर्चीत दोन्ही एकत्र दिसतात. बाजूच्या बंद कमानी लॅमिनेटेड बर्च लाकडाच्या, आणि मधली गुंडाळीसारखी बैठक प्लायची. पट्टीसारख्या भागावर ताण एकाच दिशेने येतो, पत्र्यासारख्या भागावर दोन्ही दिशांनी. त्यामुळे ही वाटणी बरोबर आहे.

३. इतकी पातळ फळी माणसाचं वजन पेलते कशी?

दोन कारणं आहेत, आणि दुसऱ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

पहिलं कारण सरस. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. नऊ सुटे पापुद्रे एकावर एक ठेवले तर त्यांचा ताठपणा एका पापुद्र्याच्या नऊपट होतो. तेच नऊ चिकटवले की एका पापुद्र्याच्या ७२९ पट. रेषांची दिशा बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, तरी सुट्या आणि चिकटलेल्या गठ्ठ्यात ८१ पटींचा फरक निघतो. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच.

दुसरं कारण आकार. एक पोस्टकार्ड टोकाला धरा, ते लोंबेल. त्यालाच बोटांनी हलकी पन्हाळ द्या, ते ताठ उभं राहील. खुर्चीच्या पाठीला आडवा बाक असतो आणि बैठकीची पुढची कड खाली वळवलेली असते. मांडीला रुतू नये म्हणून ती वळवतातच, पण त्या वळणामुळे पुढची कड तुळईसारखं कामही करते. खुर्ची आखताना ती जड वाटायला लागली, तर मी जाडी कमी करण्याआधी बाक वाढवून बघतो. नुसती पातळ केलेली फळी हलकी होते खरी, पण बसल्यावर लपलपते.

४. हलकी म्हणजे किती हलकी?

हिशेब करून बघू. बैठक आणि पाठ मिळून साधारण पाऊण मीटर लांब आणि सरासरी ४५ सेंटिमीटर रुंद धरली, तर क्षेत्रफळ ०.३४ चौरस मीटरच्या आसपास येतं. जाडी १० मिलिमीटर, आणि बर्च किंवा बीचच्या प्लायची घनता घनमीटरला सुमारे ७०० किलो. म्हणजे फळी जवळपास २.४ किलोची. पोकळ लोखंडी नळीचे पाय दीड-दोन किलो धरले की खुर्ची चार किलोच्या आसपास जाते. एका हाताने उचलून टेबलावर पालथी घालता येईल इतकी.

याहून बरीच हलकी हवी असेल तर प्लाय सोडून दुसऱ्या वाटेने जावं लागतं. इटालियन डिझायनर जिओ पोंतीची १९५७ सालची सुपरलेजेरा ही खुर्ची १.७ किलोची आहे. पण ती अ‍ॅश लाकडाच्या सडपातळ काठ्यांची आणि विणलेल्या बैठकीची.

५. साच्यात नेमकं काय होतं?

पापुद्रे आधी वाळवतात, साधारण ६ ते १० टक्के ओलाव्यापर्यंत. त्याहून ओले राहिले तर तापल्यावर वाफ कोंडते आणि आत फोड येतात. सरस एक आड एक पापुद्र्याला दोन्ही बाजूंनी लावतात, म्हणजे कोरडे आणि माखलेले आलटून पालटून बसतात. थरांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखीच रचना येते. सम ठेवली तर हवा बदलली की फळी पिळवटते.

मग नर आणि मादी साच्यांमध्ये दाब आणि उष्णता. बऱ्याच कारखान्यांत उच्च वारंवारतेच्या विजेने सरस आतूनच तापवतात, त्यामुळे काम काही मिनिटांत उरकतं. बाहेर आलेली फळी लगेच कापत नाहीत. तिला थोडा काळ निवू देतात, कारण ती किंचित उघडते किंवा मिटते. साचा करणारा अनुभवी माणूस हा फरक आधीच धरून साच्याचा कोन ठरवतो. पापुद्रे जितके पातळ आणि जास्त, तितकी ही माघार कमी.

६. बैठक आणि पाठ एकाच तुकड्यात चांगली की वेगवेगळी?

या धंद्यातला हा सगळ्यात जुना वाद आहे. माझं मत शेवटी सांगतो.

व्हेनिअर म्हणजे लाकडाचा कागदच. कागद एका दिशेला हवा तसा वळतो, पण चेंडूवर चढवायला गेलात की चुण्या पडतात. चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन या अमेरिकेतल्या डिझायनरांनी १९४० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या स्पर्धेसाठी बैठक, पाठ आणि हात एकाच कवचात असलेल्या खुर्च्या केल्या. बक्षीस मिळालं, पण तीव्र वळणांवर लाकूड फाटत होतं आणि ते झाकायला वरून गादी चढवावी लागली. पुढे युद्धकाळात चार्ल्स आणि त्याची बायको रे ईम्स यांनी अमेरिकी नौदलासाठी जखमी पायाला बांधायच्या प्लायच्या खपच्या केल्या. त्यांत वळणाच्या जागी मुद्दाम कापे आणि भोकं ठेवली होती, म्हणजे जास्तीच्या लाकडाला जायला जागा मिळे. या कामातून आलेल्या १९४५-४६च्या खुर्च्यांत त्यांनी एका कवचाचा हट्ट सोडला. बैठक वेगळी, पाठ वेगळी, मध्ये कणा आणि सांध्यांना रबराच्या चकत्या.

डेन्मार्कच्या आर्ने याकोब्सेनने दुसरा मार्ग काढला. १९५२ची त्याची ‘मुंगी’ नावाची खुर्ची एकाच तुकड्याची आहे, पण बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी लाकूड काढून कंबर केली आहे. चुण्या पडल्या असत्या तिथे लाकूडच ठेवलं नाही. १९५५ची ‘सिरीज सेव्हन’ याच कल्पनेची धाकटी बहीण.

माझा कल घरासाठी दोन तुकड्यांकडे आहे. पाठ थोडी मागे झुकते, एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. शंभर खुर्च्या एकावर एक रचायच्या असतील तर एक तुकडा बरा, कारण सांधे कमी म्हणजे सैल होणारे स्क्रूही कमी.

७. मग बादलीसारख्या खोल लाकडी खुर्च्या हल्ली दिसतात, त्या कशा करतात?

त्यात व्हेनिअर अगदी बारीक पट्ट्यांत चिरलेलं असतं आणि मागून चिकट धाग्यांनी धरून ठेवलेलं असतं. पट्ट्या एकमेकींशेजारी सरकू शकतात, त्यामुळे पापुद्रा कापडासारखा दोन्ही दिशांना वळतो. हे तंत्र वापरून २००३ साली बाजारात आलेली गुबी या डॅनिश कंपनीची खुर्ची या प्रकारातली पहिली मानली जाते. हे कवच पातळ ठेवता येतं, कारण दुहेरी बाक मुळातच ताठ असतो (पाहा प्रश्न ३).

८. माझ्या खुर्चीच्या कंबरेपाशी चीर गेली आहे. सरस भरून चालेल का?

आधी चीर कसली आहे ते बघा. कडेवर दोन थरांच्या मधोमध जाणारी रेघ असेल, तर सरस सुटला आहे. ते दुरुस्त होतं (प्रश्न १४). चीर थर ओलांडून तिरकी किंवा आडवी जात असेल, तर धागेच तुटले आहेत. सरस तुटलेल्या टोकांना एकमेकांना टेकवतो, पण ती ओढ पेलत नाही.

पाठीवर रेललात की पाठ तरफ होते आणि सगळा जोर खाली बैठकीशी मिळणाऱ्या अरुंद जागेवर एकवटतो. मागचे दोन पाय टेकवून झुलायची सवय असेल, तर त्या जोराला झटकेही मिळतात. तुटलेल्या धाग्यांच्या फळीवर कुणालाही बसवू नका. एकदा गेली की ती मागच्या बाजूला, अचानक जाते. नवं कवच मिळत असेल तर तेच घ्या, नाहीतर कपडे ठेवायला वापरा. निम्म्या घरांत खुर्चीचं खरं काम तेच असतं.

९. तीन पायांची खुर्ची धोक्याची असते का?

सवय नसेल तर, हो. याकोब्सेनची ‘मुंगी’ (प्रश्न ६) मूळची तीनच पायांची होती, एका औषध कंपनीच्या उपाहारगृहासाठी आखलेली. तीन पाय उंचसखल जमिनीवरही डगमगत नाहीत, आणि गोल टेबलाभोवती पायांची गर्दी होत नाही. पण बसलेला माणूस खाली पडलेलं काही उचलायला तिरका वाकला की त्याचं वजन तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर जातं आणि खुर्ची कलंडते. याकोब्सेन चौथ्या पायाला तयार नव्हता. चार पायांची ‘मुंगी’ त्याच्या मृत्यूनंतर आली. म्हातारी माणसं आणि लहान मुलं जिथे बसणार तिथे चारच पाय घ्या.

१०. वाचनालय, सभागृह किंवा उपाहारगृहासाठी खुर्च्या घेताना काय तपासावं?

खुर्ची उलटी करा. वरची बाजू सगळ्यांचीच सुंदर असते.

खाली पायांची चौकट फळीला किती जागी आणि किती रुंद पसरून धरते ते बघा. चार स्क्रू जवळजवळ असतील तर जोर एका तळहाताएवढ्या भागावर येणार. पायांच्या नळीवर रबराचे किंवा प्लास्टिकचे ठोकळे आहेत का बघा. नसतील तर रचताना वरच्या खुर्चीची नळी खालच्या बैठकीवर घासेल आणि महिन्याभरात पांढरे ओरखडे दिसतील.

चाचणीचा दाखला मागा. घरगुती नसलेल्या, म्हणजे सार्वजनिक वापराच्या खुर्च्यांसाठी युरोपात ईएन १६१३९ हे मानक आहे. ते ११० किलोपर्यंतच्या माणसांचा वापर गृहीत धरतं आणि त्यात दोन पातळ्या आहेत. दुसरी पातळी जास्त कडक वापरासाठी. सार्वजनिक जागेसाठी शक्यतो तीच मागा. घरगुती खुर्च्यांचं मानक वेगळं आहे, ईएन १२५२०. विक्रेता त्याचा कागद दाखवून तुमचं समाधान करत असेल तर तो चुकीचा कागद आहे.

रचण्याची मर्यादा बऱ्याच ठिकाणी कुणी विचारत नाही. रचताना प्रत्येक खुर्ची खालच्यापेक्षा थोडी पुढे सरकते. दहाव्या-बाराव्या खुर्चीपर्यंत अख्ख्या चळतीचा तोल पुढच्या पायांवर आलेला असतो. उत्पादकाने दिलेला आकडा गाडीवर रचण्यासाठी आहे की जमिनीवर, हे विचारून घ्या. दोन्ही आकडे वेगळे असतात.

आवाजाचाही विचार करा. गादी नसलेल्या शंभर फळ्या आवाज शोषत नाहीत. सभागृह घुमत असेल तर त्यातल्या काही खुर्च्यांना तरी बैठकीवर पातळ गादी लावून घ्या.

११. घरी तासभर बसल्यावर टोचते. ही खुर्ची मुळात कडकच असते का?

कडक असतेच. पण टोचण्याचं कारण बहुधा आकारात असतं. तीन गोष्टी बघा. बैठकीची उंची साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर असते. तुमचे तळपाय नीट टेकत नसतील तर पुढची कड मांडीखाली दाबते. बैठक मागे किंचित उतरती नसेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि पाठ वाकते. आणि पाठीचा फुगवटा तुमच्या कंबरेच्या खोलगट भागाशी जुळला नाही, तर पाठ नुसती मागे उभी राहते, आधार देत नाही.

उशी ठेवताना जपून. चार सेंटिमीटरची उशी ठेवली की तुम्ही वर उचलले जाता, आणि कंबरेला बसायचा फुगवटा आता खाली राहतो. त्यापेक्षा पाच-सात मिलिमीटरचा जाड फेल्ट बैठकीच्या आकारात कापून ठेवा. दाब पसरतो आणि मापं बिघडत नाहीत.

१२. नवी खुर्ची आली आणि खोलीत वास भरला. तो विषारी असतो का?

प्लायच्या बऱ्याच सरसांत, विशेषतः युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या, फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू असतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. वास मात्र पॉलिशचाही असू शकतो, त्यामुळे नाकावर निकाल देऊ नका. खोली मोकळी ठेवा आणि हवा खेळती राहू द्या.

कागद बघताना एक खाच लक्षात ठेवा. अमेरिकेच्या नियमांत हार्डवूड प्लायवूडमधून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइडची मर्यादा ०.०५ पीपीएम (दहा लाख भागांत ०.०५ भाग) आहे आणि तो आकडा जाहिरातीत झळकतो. पण त्याच नियमांच्या व्याख्येतून वाकवलेलं प्लायवूड वगळलेलं आहे. म्हणजे टेबलाच्या सपाट फळीला लागू असलेलं प्रमाणपत्र शेजारच्या मोल्डेड खुर्चीला आपोआप लागू होत नाही. विक्रेत्याला ‘या कवचाची चाचणी झाली आहे का’ असा नेमका प्रश्न विचारा.

१३. गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवली तर?

ठेवू नका. आतल्या वापराच्या सरसाला ओलावा आणि ऊन आलटून पालटून सोसत नाही. पाणी वरून फारसं शिरत नाही. ते कडांतून शिरतं, कारण तिथे थर उघडे असतात. एकदा भिजली तर लगेच पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवलीत तर वरचा पापुद्रा आतल्यांपेक्षा लवकर आकसतो आणि बारीक तडे जातात.

१४. कडेला पापुद्रे सुटले आहेत. घरी चिकटवता येतील का?

येतील, घाई केली नाही तर. सुटलेल्या फटीत पातळ पातं घालून धूळ काढा. पातळ सरस इंजेक्शनच्या सिरिंजने आत सोडा आणि फट उघडमीट करून तो खोलवर जाऊ द्या. मग दाब द्यायचा. अडचण इथेच येते, कारण वळणावर सपाट क्लॅम्प बसत नाही. त्याच जातीची दुसरी खुर्ची असेल तर मध्ये प्लास्टिकचा कागद आणि जाड कापड घालून तिचं कवच वर बसवा. तयार साचाच मिळाला. नसेल तर वाळूने भरलेली पिशवी ठेवा आणि तिच्यावरून क्लॅम्प आवळा. एक रात्र तसंच राहू द्या.

सुटलेला भाग स्क्रूच्या भोकापर्यंत पोचला असेल तर हे घरी करू नका. तिथे भार येतो.

१५. खुर्ची करकरते. स्क्रू आवळले तरी आठवड्यात पुन्हा तेच.

लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, लोखंड तसं करत नाही, म्हणून स्क्रू सैल होतातच. दर वेळी जास्त जोर लावून आवळलेत तर लाकडातली आटी झिजते. भोक मोकळं झालं असेल तर त्यात सरसात बुडवलेली लाकडाची काडी ठोकून, वाळवून, नव्याने भोक पाडा. रबराच्या चकत्यांवर बसवलेल्या खुर्चीत रबर वयानुसार कडक होऊन तडकतं. ते दिसलं की सगळ्या चकत्या एकदम बदला. जुन्या आणि नव्या मिसळल्या तर सगळा भार नव्यांवर येतो.

आणि स्क्रूची लांबी मोजा. मी माझ्या सुरुवातीच्या एका दुरुस्तीत १० मिलिमीटरचा स्क्रू हरवला म्हणून १२चा लावला. पट्टी २ मिलिमीटरची, फळी ९ची. टोक एक मिलिमीटर वर आलं आणि गुळगुळीत बैठकीवर तिळाएवढा उंचवटा उठला. मालकाने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

१६. घरी किंवा लहान वर्कशॉपमध्ये अशी फळी बनवता येईल?

एका दिशेचं वळण असेल तर हो. साच्यावर सरस लावलेले पापुद्रे रचा, सगळं हवाबंद पिशवीत घाला आणि पंपाने हवा काढा. वातावरणाचा दाब चौरस मीटरला साधारण दहा टन असतो, त्यामुळे खुर्चीच्या फळीवर तीन टनांच्या आसपास भार येतो. कारखान्यातला दाब याच्या कितीतरी पट असतो, म्हणून पापुद्रे पातळ घ्या.

नेहमीचा पांढरा सुतारकामाचा सरस इथे टाळा. तो सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि वर्षभरात वळण उघडायला लागतं. युरियाचा सरस किंवा इपॉक्सी घ्या.

१७. प्रसिद्ध डिझाइनची नक्कल ओळखायची कशी?

कडेचे थर मोजा, कंबरेचं वळण मूळ फोटोशी ताडून बघा, आणि खालचा शिक्का. शिक्क्यावर एकट्यावर विसंबू नका. नकला जुन्याही असतात. १९६३ साली लुइस मॉर्लीने काढलेल्या ब्रिटिश मॉडेल क्रिस्टीन कीलरच्या गाजलेल्या फोटोतली खुर्ची याकोब्सेनच्या ‘सिरीज सेव्हन’सारखी (प्रश्न ६) दिसते, पण ती नक्कल आहे. पाठीत हात घालायला जे भोक कापलेलं आहे, ते मूळ खुर्चीत नाही. आज ती खुर्ची लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे.

१८. जुनी खुर्ची घासून नव्याने पॉलिश करायची आहे. किती घासू?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. वरचा शोभेचा पापुद्रा बहुतेकदा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, आणि तो आधी कारखान्यात घासला गेलेला असतो. मशीनने घासू नका. ते बाकाच्या उंच भागावरच जोर देतं आणि तिथलाच पापुद्रा आधी संपतो. जुनं पॉलिश रसायनाने मऊ करून खरवडून काढा, मग बारीक पॉलिश पेपर हाताने, रेषेच्या दिशेने फिरवा. घासताना मध्येच गडद डाग उमटायला लागला आणि रेषा आडवी दिसली, तर थांबा. तो खालचा थर आहे. तिथे रंग लावण्याशिवाय उपाय उरत नाही.